संशयाचा कल्लोळ : नाटकातला आणि घरातला

(कर्जत-खालापूर भागातील महिला मंडळांच्या उन्हाळी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

ऐन वैशाखात, एवढ्या उन्हात तुम्ही आलात. कुणी नेरळहून, कुणी कशेळ्याहून, कुणी चौक-खोपोलीकडून. घरोघरी लग्नं आहेत, विहिरी आटल्या आहेत, पावसाआधीची कामं अंगावर आहेत. तरी वेळ काढलात. सकाळपासून अर्ज, पंचनामा, पोलीस ठाणं यावरच बोलणं झालं. आता जेवणानंतर डोळे मिटायला लागतात, म्हणून मला सांगितलं गेलं की जरा हलकंफुलकं बोल. तर मी एका नाटकाबद्दल बोलणार आहे. प्रेमाचं, गाण्यांचं, गमतीचं नाटक. शेवटपर्यंत हलकं राहील का, ते मात्र सांगता येत नाही.

नाटक आहे ‘संगीत संशयकल्लोळ’. लिहिलं गोविंद बल्लाळ देवल यांनी. ‘शारदा’ नाटक तुम्हाला ऐकून माहीत असेल, म्हाताऱ्याशी लग्न लावून देऊ घातलेल्या मुलीचं. १८९९ साली ते रंगभूमीवर आलं. तेच देवल. ‘संशयकल्लोळ’ त्यांनी आधी गद्यात लिहिलं होतं, १८९३ च्या सुमारास. त्याचं नाव होतं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पुढे त्यात पदं घातली आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत नाटक म्हणून केलं. त्याच वर्षी देवल वारले. मूळ गोष्ट आपली नाही. मोलिएर नावाच्या फ्रेंच नाटककाराने १६६० साली ती लिहिली, तिच्यावरून मर्फी या लेखकाने १७६१ साली इंग्रजी नाटक केलं, आणि तिथून ती देवलांनी घेतली. फ्रान्स, इंग्लंड आणि सांगलीजवळचं हरिपूर, तिन्हीकडे ही गोष्ट चालली. संशयी नवरा सगळीकडे ओळखीचा असतो, हेच त्याचं कारण असावं.

गोष्ट थोडक्यात सांगते. फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका. दोघं एकमेकांवर संशय घेणारी. दुसरीकडे अश्विनशेठ आणि रेवती. रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली, पण तिला त्या धंद्यात जायचं नाही. अश्विनशेठवर तिचं प्रेम आहे, त्याच्याशी लग्न करायचं आहे. त्याने तिला आपली तसबीर दिलेली असते. एक दिवस रेवतीला रस्त्यात भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच कृत्तिका पाहते. तसबीर खाली पडलेली असते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायको परक्या पुरुषाची तसबीर बघते आहे, हे फाल्गुनराव पाहतो. पुढे ती तसबीर फाल्गुनरावाच्या हातात बघून अश्विनशेठला वाटतं, रेवतीने मला फसवलं. रेवतीला वाटतं, ह्याचं त्या कृत्तिकेशी काहीतरी आहे. भादव्या नावाचा नोकर इकडचं तिकडे करून आणखी गोंधळ वाढवतो. चौघं चौघांवर संशय घेतात, कुणीही सरळ विचारत नाही, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. शेवटी सगळे समोरासमोर येतात, एका तसबिरीचा घोटाळा उलगडतो आणि गोड होतं.

नावांतली गंमत तुमच्या लक्षात आली का? पुरुषांची नावं महिन्यांची, फाल्गुन, अश्विन, भाद्रपद, वैशाख. बायकांची नावं नक्षत्रांची, रेवती, कृत्तिका, मघा. आपल्याला नक्षत्रं शिकवायला नकोत. पेरणी कधी, मृग कधी निघतो, हे तोंडपाठ असतं. सूर्य कृत्तिकेत असतो तो मे महिन्याच्या मधल्या पंधरवड्यात, म्हणजे आत्ताच्या ह्या काहिलीत. आणि आणखी एक बघा. महिन्याला नाव मिळतं नक्षत्रावरून. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ, त्याचं नाव महिन्याला. चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, अश्विनीवरून अश्विन. देवलांनी हा विचार करून नावं ठेवली असं मी म्हणत नाही. पण बाईचं नाव घेऊन उभा राहिलेला महिना बाईवरच डोळे वटारतो, हे मला तरी गमतीचं वाटलं.

हे नाटक मी पहिल्यांदा पाहिलं ते थिएटरात नाही. आमच्या गावी, खालापूर तालुक्यात, जत्रेच्या वेळी. चैत्र-वैशाखात मुंबईला गिरणीत, गोदीत कामाला असलेली माणसं घरी यायची. मग गावकीचं नाटक बसायचं. मांडव घालायचे, गॅसबत्त्या लावायच्या, पेटीवाला बाहेरून आणायचे. पदं निम्मी गाळलेली असायची, कारण गाणार कोण? बाईचं काम अर्थात पुरुषच करायचे. त्या वर्षी आमच्याच आळीतला एक मुलगा रेवती झाला होता. त्याला चांगली साडी हवी होती, म्हणून शेजारच्या काकूंनी आपली लग्नातली साडी दिली. आम्ही पोरी ओटीवर बसून हसून हसून लोळलो. काकूही हसत होत्या. बायकांना मांडवात पुढे बसायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या घरातून आवाज आला. साडी त्या पोराला का दिलीस, कधी दिलीस, द्यायला कोण घरात आलं होतं, मला का विचारलं नाहीस. आणि मग मार. आळीतल्या सगळ्यांनी ऐकलं. कुणी गेलं नाही. माझी आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, “त्यांचा स्वभावच संशयी आहे.” आदल्या रात्री फाल्गुनरावाला हसणारी तीच माणसं, आणि तोच फाल्गुनराव शेजारी राहतो म्हटल्यावर सगळ्यांनी दारं लोटून घेतली.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. पुढे संघटनेत आले, बायकांची गाऱ्हाणी ऐकू लागले, तेव्हा लक्षात आलं की तसबीर कधी साडी होते, कधी आणखी काही. आज ती बहुतेक वेळा मोबाईल असते. नंबर कुणाचा, मेसेज कुणाचा, फोटोत शेजारी उभा कोण. कर्जतहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारी मुलगी एक गाडी चुकली म्हणून उशिरा आली, की प्रश्न. फार्महाऊसवर झाडलोट, स्वयंपाक करायला जाणारी बाई शनिवार-रविवारी पाहुणे जास्त म्हणून रात्री थांबली, की प्रश्न. तिच्या पगारावर घर चालतं, पण तिच्या जाण्या-येण्यावर पाळत असते. वीटभट्टीवरून आलेल्या आदिवासी बहिणींच्या तोंडूनही हेच ऐकलं आहे. मुकादमाशी बोललीस का, हसलीस का. त्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते नवऱ्याने, आणि हिशेब विचारला जातो बायकोच्या हसण्याचा.

तर नाटकातला संशय हसवतो आणि घरातला रडवतो, असं का होतं? मी यावर बराच विचार केला. नाटकात चौघांचा संशय सारख्या वजनाचा असतो. फाल्गुनराव संशय घेतो, तशी कृत्तिकाही घेते. दोघंही सारखीच मूर्ख ठरतात. म्हणून हसू येतं. घरात तसं नसतं. बाईने संशय घेतला तर ती कुरकुर करते, रडते, उपास धरते, फार तर माहेरी जाते. पुरुषाने घेतला तर तो तिचं बाहेर जाणं बंद करतो, काम सोडायला लावतो, फोन फोडतो, हात उचलतो. त्याच्या संशयामागे घर त्याच्या नावावर असतं, गाव त्याच्या बाजूने असतं, आणि कितीतरी वर्षं कायदाही त्याच्या बाजूने होता.

कायद्याचं नीट सांगते, कारण हे आपल्या मेळाव्यांत फारसं बोललं जात नाही. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंडसंहिता केली. तिच्यात कलम ४९७ होतं, व्यभिचाराचं. परक्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. शब्द लक्षात घ्या, नवऱ्याच्या संमतीशिवाय. बाईची इच्छा काय, हा प्रश्नच नव्हता. शेतात कुणी घुसलं तर शेताचा मालक फिर्याद करतो, तसं. आता हे कलम आपल्या नाटकाला लावून बघा. १९१६ साली फाल्गुनराव उठून अश्विनशेठवर फिर्याद करू शकला असता. पण कृत्तिका फाल्गुनरावावर करू शकली नसती. रेवतीवरही नाही. नवरा नायकिणीच्या माडीवर गेला तर कायद्याने गुन्हाच नव्हता. कृत्तिकेच्या संशयाला कोर्टात उभं राहायला जागाच नव्हती. आणि रेवतीला तर कुणाचीच तक्रार करता आली नसती.

स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना आली, तरी हे कलम राहिलं. १९५४ साली मुंबई राज्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. १९८५ साली पुन्हा योग्य ठरवलं. शेवटी २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते घटनाबाह्य म्हणून रद्द केलं. बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही, हे सांगायला १५८ वर्षं लागली. त्यानंतर वर्तमानपत्रांत आणि पारावर केवढा गहजब झाला. आता बायका मोकाट सुटणार म्हणे. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आजही आहे, नवऱ्याला आहे तसं बायकोलाही. फक्त तो आता फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हे कलम घेतलेलं नाही.

कायदा गेला, पण मालकाचा डोळा गेलेला नाही. म्हणून दुसरा कायदा पक्का लक्षात ठेवा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत तक्रार नोंदवायचा जो छापील नमुना आहे, तो मुद्दाम वाचा. शाब्दिक आणि मानसिक छळाच्या यादीत चारित्र्यावर आरोप करणं स्पष्ट लिहिलेलं आहे. घराबाहेर पडू न देणं, नोकरी करू न देणं हेही आहे. म्हणजे मारच पडायला हवा असं नाही. “कुठे गेली होतीस, कुणाबरोबर गेली होतीस” हा रोजचा जाच हासुद्धा हिंसाचार म्हणून नोंदवता येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागा. आपल्यापैकी किती जणींनी बाईला सांगितलं आहे, “मारलं तर ये, नुसतं बोलत असेल तर सहन कर”? मी सांगितलं आहे. आज ते मला चुकीचं वाटतं.

आणखी एक चूक कबूल करते, आणि आजच्या बोलण्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. बाई आली, नवरा संशय घेतो म्हणाली, की आम्ही आधी काय करायचो? तिला आत घेऊन हळूच विचारायचो, “खरंच काही आहे का गं?” ती शपथ घ्यायची. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगायची. मग आम्ही जोरात जाऊन नवऱ्याला सुनवायचो, “तुमची बायको सोन्यासारखी आहे, उगाच संशय घेता.” वाटायचं, किती छान न्याय केला. नाटकाचा शेवटही तसाच आहे. तसबिरीचा उलगडा होतो, कृत्तिका निर्दोष, रेवती निर्दोष, टाळ्या. पण मैत्रिणींनो, समजा उलगडा झालाच नसता तर? समजा एखादीच्या मनात खरोखरच दुसरं कुणी असेल तर? मग मार योग्य ठरतो का? कोंडून ठेवणं योग्य ठरतं का? आपण तिचं निर्दोषत्व सिद्ध करायला बसलो की, दोषी असती तर मारणं चाललं असतं, हे आपणच मान्य करून टाकतो. तिचं मन कुठे आहे हा तिचा प्रश्न. तिला तिथे राहायचं नसेल तर घटस्फोटाचा मार्ग आहे. नवऱ्याला राहायचं नसेल तर त्यालाही आहे. हात उचलायचा मार्ग मात्र कुणालाच नाही. सीतेपासून चालत आलेली ही अग्निपरीक्षा निदान आपल्या मंडळाच्या खोलीत तरी नको.

आता रेवतीबद्दल. कृत्तिकेचा राग सगळ्यात आधी कुणावर जातो? रेवतीवर. आपल्याकडेही तेच. नवरा भरकटला की, “त्या सटवीने नादी लावलं.” त्या दुसरीला रस्त्यात गाठून तिच्या झिंज्या उपटायला मंडळाच्या बायका चला, असा निरोप घेऊन आलेल्या मी पाहिल्या आहेत. नवरा तेव्हा घरात बसून चहा पीत असतो. देवलांना एक श्रेय दिलं पाहिजे. त्यांनी नायकिणीच्या घरातल्या मुलीला नाटकाची नायिका केलं, तिला मान दिला, मनाजोगता जोडीदार दिला. पण ती रेवती रंगभूमीवर उभी केली कुणी? बालगंधर्वांनी. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती ही त्या काळची गाजलेली जोडी. पुरुषाने रंगवलेली नायकीण लोकांना पूज्य वाटली. त्याच काळात हिराबाई पेडणेकर नावाची खरीखुरी स्त्री होती, नायकिणीच्या घरात जन्मलेली. ती गायची, कविता करायची, तिने संगीत नाटकं लिहिली. तिचं ‘दामिनी’ नाटक ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणलं. मोठमोठे साहित्यिक तिच्या घरी येत, तिच्या बुद्धीचं कौतुक करत. पण नाटकातल्या रेवतीच्या वाट्याला आलं ते मानाचं स्थान समाजाने हिराबाईंना दिलं नाही. मुंबईचं ते जग सोडून त्या कोकणात गुहागरजवळ पालशेतला राहिल्या आणि तिथेच विस्मृतीत गेल्या. रेवतीला टाळ्या देणाऱ्या समाजाला हिराबाई पेलल्या नाहीत.

अशी नाटकं परदेशातही आहेत. १९७३ साली न्यूयॉर्कला ‘अ लिट्ल नाइट म्युझिक’ नावाचं संगीत नाटक आलं. स्वीडन देशातल्या उन्हाळ्याची गोष्ट, जिथे त्या दिवसांत रात्री नीट अंधारही पडत नाही. त्यातही प्रेमाचा असाच गुंता आहे. त्यात एक लष्करी सरदार आहे. त्याला बायकोही आहे आणि एक नटी मैत्रीणही. त्याची अपेक्षा अशी की दोघींनी आपल्याशी एकनिष्ठ राहावं. तिथेही लोक हसतात. सरदार स्वीडनचा काय आणि फाल्गुनराव आपला काय, मागणं एकच.

मग अशी नाटकं बघूच नयेत का? तसं मी म्हणत नाही. मला ‘संशयकल्लोळ’ आजही आवडतं. त्यातली पदं ऐकली की मन प्रसन्न होतं. प्रेम, रुसवा, गाणं हे काही पुरुषांच्या मालकीचं नाही. रंगभूमीवर बाईचं काम पुरुष करत होते, तेव्हाही आपल्या ह्या भागात आगरी लग्नांत धवलारीण धवले गाऊन लग्नाचे विधी चालवत होती. ती बाईच असते. उन्हाळ्याच्या रात्री हळदीच्या मांडवात बायका गातात, नवऱ्यांची नक्कल करतात, व्याह्यांची फजिती करतात. म्हणजे गाणं आणि विनोद आपल्याकडे आहेच. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक गाण्यांसकट गावोगाव नेलं, ते ह्याच जोरावर. तिथे बाईची भूमिका बाईनेच केली आणि गोष्टही तिनेच सांगितली.

म्हणून आज संध्याकाळी, ऊन उतरलं की, आपण एक करून बघू. तसबिरीचा प्रवेश आपणच करायचा. संवाद पाठ नकोत. एक कृत्तिका, एक फाल्गुनराव, एक रेवती, एक अश्विनशेठ, आणि तसबिरीच्या जागी मोबाईल. फाल्गुनराव बायकोच्या हातातून मोबाईल हिसकावतो, तिथे थांबायचं आणि बसलेल्या बायकांना विचारायचं, आता पुढे काय? शेजारीण काय करते? सासू काय बोलते? मंडळाची ताई येते ती पहिला प्रश्न कुणाला विचारते, कृत्तिकेला की फाल्गुनरावाला? प्रत्येक गटाने आपापला शेवट करून दाखवायचा. मग आपल्या गावच्या जत्रेत हे करायला जागा मागू. पुरुषांनाही बघू दे. हसू दे पोटभर. पण आपण जिथे थांबू, तिथे त्यांनाही थांबावं लागेल.

त्या काकू आता नाहीत. त्यांची ती साडी नाटकवाल्यांनी दुसऱ्या दिवशी घडी करून परत आणून दिली होती, ते मला आठवतं. त्यानंतर ती नेसलेल्या त्या मला कधी दिसल्या नाहीत. आम्ही एवढ्या जणी ओटीवर होतो. एकीने जरी उठून त्यांचं दार वाजवलं असतं, तर काय झालं असतं, हा प्रश्न मी इतकी वर्षं बरोबर घेऊन फिरते आहे. तुम्ही तुमच्या आळीत दार वाजवा, एवढंच सांगून थांबते.